नऊ कोरे लेटरहेड

ड्रॉवर दादाने उघडला, कारण वडील त्याचे होते. कागद तारीखबाईने बाहेर काढले, कारण नोटीस तिची होती.

मोठ्या काकांच्या टेबलाचा तो सगळ्यात खालचा ड्रॉवर. वर चष्म्याच्या रिकाम्या डब्या, एक भिंग, शाई संपलेली तीन पेनं. आणि त्याखाली निळ्या फोल्डरमध्ये तिने चाळीस दिवसांपूर्वी त्यांच्या हातात ठेवलेली नोटीस. तीन पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी सहीची जागा दाखवणारी, पेन्सिलीने केलेली बारीक फुली. फुल्या जशाच्या तशा होत्या.

"नाही केली," दादा म्हणाला.

"नाही."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. काचकारखान्याची जागा भाड्याची, आणि करारात स्पष्ट लिहिलेलं होतं : पुढची पंधरा वर्षं हवी असतील, तर मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधी कंपनीच्या सहीचं पत्र जागामालकाच्या कचेरीत हातात पडलं पाहिजे. तो शेवटचा दिवस आज होता. कचेरी पाचला बंद होई. सही करायचे ते मोठे काका परवा बाथरूममध्ये घसरून पडले होते, आणि अकरा वाजता त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं.

तिला तारीखबाई हे नाव भट्टीकाकांनी दिलं होतं. वकिलीची परीक्षा देऊन ती घरच्या कंपनीत आली, त्याच आठवड्यात तिने आपल्या खोलीच्या भिंतीवर वर्षाचे बारा तक्ते टांगले. प्रत्येक कराराची शेवटची तारीख लाल. मग तिथून उलटं मोजत सही कधी हवी, मसुदा कधी हवा, विषय कधी काढायला हवा, हे सगळं निळ्या पेन्सिलीने. कंपनीच्या वकिलाचं काम कोर्टात नसतं, भिंतीवर असतं, असं ती म्हणायची. तिच्या या वेडाला कारण होतं. वडील गेले तेव्हा त्यांच्या हिश्श्याचे कागद सापडायला दोन वर्षं लागली होती, आणि त्या दोन वर्षांत घरातली माणसं एकमेकांना किती परकी होऊ शकतात ते तिने पंधराव्या वर्षी पाहून घेतलं होतं.

या नोटिशीसाठीही तिने चाळीस दिवस हाताशी ठेवले होते. मोठ्या काकांनी त्यातले एकोणचाळीस खाल्ले. आठवण केली की "आज नको, उद्या ये." उद्या गेली की "डोकं दुखतंय गं." महत्त्वाची सही आपल्यासमोर व्हावी हा तिचा नियम, पण मोठ्या माणसाच्या दारात किती वेळा जायचं यालाही मर्यादा असते. शेवटचा आठवडाभर ती गेली नव्हती. चूक तिथे झाली, हे तिला परवाच कळलं होतं.

"हे बघ काय," दादा म्हणाला.

ड्रॉवरच्या तळाशी एक पाकीट होतं. त्याने ते टेबलावर उलटं केलं. कंपनीचे लेटरहेड, पूर्ण कोरे, आणि प्रत्येकाच्या खाली उजव्या कोपऱ्यात मोठ्या काकांची सही. लांब, सरळ, शेवटी वर जाणारा फाटा. नऊ कागद.

ही आजोबांची रीत. फिरतीवर जाताना आजोबा डझनभर कोऱ्या कागदांवर सह्या करून जात, मागे काम अडू नये म्हणून. मोठ्या काकांनीही ती चालवली. ही रीत आपण नऊ वर्षांपूर्वी बंद केली, अशी तिची समजूत होती.

दादाचा चेहरा मात्र उजळला. "सुटला की प्रश्न. यावर छापून टाकू."

* * *

तपासणीच्या खोलीत तिने सगळ्यांना बोलावलं, कारण मोठं टेबल तिथेच होतं. टेबलाच्या एका टोकाला तयार चंचुपात्रं ओळीने मांडलेली आणि दुसऱ्या टोकाला ताण बघायचा दिवा. दोन काळसर पट्ट्यांच्या मधे काच धरली की घाईने गार झालेल्या जागी रंग उमटतात. नुसत्या डोळ्याला ती काच निर्मळ दिसते आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हातात आपोआप तडकते.

भट्टीकाका सगळ्यांत आधी आले, बाह्या वर केलेल्या, भुवया नेहमीसारख्या अर्ध्या जळलेल्या. तिघा संचालकांत ते धाकटे, आणि तीस वर्षं भट्टी त्यांच्याकडे. त्यांनी लेटरहेड उजेडात धरला.

"थोरल्या भावाची सही म्हणजे सही. छाप आणि पाठव."

"काका, पत्रावर आजची तारीख पडणार. अकरा वाजता मोठे काका टेबलावर बेशुद्ध असणार. दवाखान्यात मिनिटामिनिटाची नोंद असते."

"तारीख कालची टाक," दादा म्हणाला.

"काल ते वेदनाशामकाच्या गुंगीत होते. आणि परवा जिन्यावरून स्ट्रेचरने उतरवले, ते अख्ख्या गल्लीने पाहिलंय."

"मागच्या आठवड्याची."

"मग मागच्या आठवड्यात का पोचवलं नाही?" ती शांतपणे म्हणाली. "दादा, जागामालकाचा जावई आता कारभार बघतो. त्याला इथे गोदाम हवंय. तो आपल्या चुकीची वाटच बघतोय. खोटी तारीख टाकून आपणच ती चूक त्याच्या हातात द्यायची का?"

"खोटी कसली? सही खरी आहे."

"सही खरी आहे. पत्र खोटं आहे."

भट्टीकाकांनी कागद खाली ठेवला. "एवढं पुढचं बघणारी तू, आणि वेळ आली की असा हात वर करतेस. मग त्या भिंतीवरच्या तक्त्यांचं काय लोणचं घालायचं?"

"हात वर केलेला नाही. दुसरी वाट केलेली आहे." तिने पिवळी फाइल उघडली. "गेल्या वर्षी संचालकांचा ठराव झाला. अध्यक्षांना सही करणं शक्य नसेल, तर बाकीच्या दोघा संचालकांनी मिळून केलेली सही कंपनीची धरावी. तुम्ही तिघांनी सह्या केल्यात."

"मी?"

"ही तुमची."

भट्टीकाकांनी स्वतःची सही परक्या माणसाची असल्यासारखी न्याहाळली. "त्या दिवशी भट्टीचा पंखा बंद पडला होता. तू पुढे केलंस ते केलं."

"बाकीचे दोघे म्हणजे," दादाने सावकाश मोजलं, "काका आणि..."

"आणि मी," दारातून आत्या म्हणाली.

खोलीतली हवा बदलली. आत्या पर्स टेबलावर ठेवून थेट ताण बघायच्या दिव्याजवळच्या खुर्चीत बसली, भावापासून होईल तितकी लांब. कंपनीची विक्री तिने उभी केली होती. जागा बदलावी, गावाबाहेर मोठी शेड घ्यावी, असं तिने दोन वर्षांपूर्वी सुचवलं तेव्हा दोघे भाऊ हसले. अकरा महिन्यांपूर्वी पुन्हा विषय निघाला, आणि भट्टीकाका म्हणाले की ज्याने आयुष्यात कधी भट्टीत वाकून बघितलं नाही त्याने भट्टी हलवायच्या गप्पा मारू नयेत. तेव्हापासून भाऊबहीण एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप असला तर शिपायाकरवी, आणि तोही चिठ्ठीत.

दोघांची नावं ठरावात एकत्र घालताना तारीखबाईला मनात बरं वाटलं होतं. वेळ आलीच तर निदान एका टेबलाशी येतील. ते येतील हे तिने गृहीत धरलं होतं. बोलतील का, हे विचारलं नव्हतं.

"त्यांना सांग," भट्टीकाका पुतणीकडे बघत म्हणाले, "कागद तयार आहे. सही करा म्हणावं."

"त्यांना सांग," आत्या म्हणाली, "सही करणार नाही म्हणावं."

दादा उठून उभा राहिला. "आत्या, अगं बाबा तिकडे ऑपरेशनला..."

"तुझ्या बाबांना रोज फोन करते मी. तू मला त्यांचं नाव सांगू नकोस." ती पुतणीकडे वळली. "बाळ, मला एवढंही कळत नाही का की नव्वद दिवसांत भट्टी हलत नाही? सही केली नाही तर आपण रस्त्यावर येऊ, हे मला कळतं. पण सही केली की काय होईल तेही कळतं. पंधरा वर्षं. विषय काढला की म्हणतील, आत्ताच तर मुदत घेतली. मी तेव्हा पंचाहत्तरीची असेन. दोनदा हसं करून घेतलंय. तिसऱ्यांदा नाही."

"म्हणजे अडवणूक," भट्टीकाका छताला म्हणाले.

"ज्याला जे म्हणायचं ते म्हणो."

दादाचा हात हळूच पुन्हा लेटरहेडच्या पाकिटाकडे गेला. आणि भट्टीकाकांनीही तिकडे पाहिलं. तारीखबाईला ते दिसलं. आणखी दहा मिनिटं अशीच गेली, तर एकीकडे दोघे आणि नऊ कागद, दुसरीकडे ती एकटी. आणि कागद माणसांपेक्षा सोपे होते.

ती उठून भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. त्यावर सकाळच्या तपासणीचे आकडे होते. तिने ते पुसले.

"काका, एक सांगा. भट्टीचं आतलं अस्तर अजून किती टिकेल?"

"आत्ता हे कुठे?"

"किती?"

"चार वर्षं. सांभाळून चालवली तर."

तिने फळ्याच्या उजव्या टोकाला अठ्ठेचाळीस महिने लिहिलं. "म्हणजे चार वर्षांनी नवी भट्टी बांधायची, इथे किंवा कुठेही. नवी आणि जुनी काही दिवस सोबत चालवायला लागतील?"

"दोन महिने तरी. नव्या भट्टीची पहिली काच बुडबुड्यांची येते. ती कुणाला विकणार?" प्रश्न भट्टीचा असला की भट्टीकाकांना गप्प बसता येत नसे.

"शेहेचाळीस. तापवायला?"

"तापवायला तीन आठवडे. पण आधी विटा वाळवायच्या. ओल्या भट्टीला आग लावलीस तर फुटेल. सगळं मिळून तीन महिने धर."

"त्रेचाळीस. बांधायला?"

"पाच."

"अडतीस. विटा मागवल्यापासून यायला?"

"सहा महिने," भट्टीकाका म्हणाले.

"आठ," आत्या म्हणाली. ती फळ्याकडेच बघत होती. "मागच्या वेळी आठ लागले. मी गिऱ्हाइकांना तोंड देत होते, मला पाठ आहे."

"आठ," भट्टीकाकांनी मान्य केलं. "मधे त्यांचा संप झाला होता."

"तीस," तिने लिहिलं. "जागा शोधणं आणि परवाने?"

"वर्ष," आत्या म्हणाली.

"अठरा." खडू थांबला. भट्टीकाका पुढे आले, बोटाने फळ्यावरून उलटे गेले, ओठ हलवत पुन्हा मोजलं. चार वर्षं म्हणताना त्यांच्या आवाजात जी ऐसपैस जागा होती, ती या ओळीत कुठेच नव्हती.

"दीड वर्षात ठरवायला लागेल?" ते म्हणाले. "इथे राहायचं की जायचं?"

"आणि यातलं सगळं वेळेवर झालं तर," आत्या पुतणीला म्हणाली. "वेळेवर आलेली वीट पाहिलीयस का तू कधी?"

"चार महिने धर घोळाचे," भट्टीकाका म्हणाले. पुतणीला नव्हे, बहिणीकडे बघून म्हणाले. "चौदा. मला वाटत होतं अजून ढीगभर वेळ आहे."

"मला हेच म्हणायचं होतं दोन वर्षांपूर्वी. तुम्ही विचारलंत तरी का, का म्हणतेस म्हणून?"

जळक्या भुवईवरून भट्टीकाकांनी अंगठा फिरवला.

"पण करार पंधरा वर्षांचा," दादा म्हणाला. "मधे जायचं ठरलं तर?"

"वर्षाची सूचना देऊन कधीही जाता येतं. सहा वर्षांपूर्वी चिमणीसाठी करारात दुरुस्ती केली, तेव्हा मी ते एक वाक्य घालून घेतलं."

"आठवलं," भट्टीकाका म्हणाले. "तेव्हा मी म्हणालो होतो, आपण राहायला आलोय की पळायला."

आत्याच्या ओठांचा कोपरा जरा हलला. मग ती पुतणीला म्हणाली, "मला आश्वासन नको. घरातल्या आश्वासनांनी माझं कपाट भरलंय. तारीख हवी. तुझ्या भिंतीवर, लाल शाईने. त्या दिवशी तिघांनी बसायचं, माझे आकडे मी मांडणार, आणि कुणी हसायचं नाही. आणि ती तारीख मी लिहिणार नाही, तूही नाही. ह्याने लिहायची."

अकरा महिन्यांनी भावासाठी तिने 'हा' म्हटलं होतं. सकाळपासून तो 'ज्याला' होता.

तारीखबाईच्या खोलीत सगळे एकामागून एक गेले. पुढच्या वर्षीचे तक्ते अजून गुंडाळलेले होते. तिने ऑगस्टचा उलगडून टेबलावर धरला. भट्टीकाकांनी लाल पेन घेतलं, पहिल्या सोमवारच्या चौकटीत 'भट्टी : जागेचा निर्णय' असं लिहिलं, आणि मग पेन न ठेवता खाली बारीक अक्षरात भर घातली : 'आधी ताईचं ऐकणे.'

आत्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "र्‍हस्व-दीर्घ बरोबर आहे," ती म्हणाली. "आण ती नोटीस."

* * *

जागामालकाच्या कचेरीतला कारकून सभ्य होता. त्याने तीनही पानं वाचली, दोन सह्या पाहिल्या, आणि आतल्या खोलीत जाऊन आला.

"साहेब विचारतायत, मोठ्यांची सही नाही का? ते दवाखान्यात असल्याचं कळलं आम्हाला. बरे आहेत ना?"

"ऑपरेशन नीट झालं. त्यांना सही करणं शक्य नाही, म्हणून दोघा संचालकांची. ठरावाची प्रत मागे जोडली आहे. गेल्या वर्षीचा आहे."

कारकून पुन्हा आत गेला. यावेळी त्याला जास्त वेळ लागला. शेजारी उभ्या असलेल्या दादाने खिशातून हात काढला, पुन्हा घातला. आपण काय करायला निघालो होतो ते त्याच्या तोंडावर वाचता येत होतं, म्हणून तिने तिकडे पाहिलं नाही.

पोचवर शिक्का पडला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने कारकुनाला वेळही लिहायला लावली.

* * *

भेटीच्या वेळेला मोठे काका जागे होते. उशी उंच केलेली, तोंड जरा उतरलेलं, आवाज मात्र नेहमीचा.

"गेली का नोटीस?"

"गेली."

"कुणाच्या सह्या?"

"आत्या आणि भट्टीकाका."

"एकत्र?" त्यांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. "म्हणजे मी पडलो ते अगदीच वाया नाही गेलं."

तिने पर्समधून पाकीट काढून चादरीवर ठेवलं. रागावायचं ती वाटेत ठरवून आली होती. "काका, हे काय आहे? ही रीत आपण बंद केली होती ना?"

त्यांनी उजवा हात चादरीखालून बाहेर काढला आणि तिच्यासमोर नुसता धरला. बोटं थरथरत होती; अंगठा तर्जनीवर घासला जात होता, सारखा, न थांबता, जणू तिथे कुणी दोरा वळत होतं.

"ऑपरेशनमुळे?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं की नाही.

"दीड वर्ष झालं. तुझ्या ठरावाच्या वेळी जेमतेम जमलं. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वाढेल. मग एका रविवारी, हात चांगला होता त्या दिवशी, बसून दोनशे सह्या केल्या. तू पुढचं बघतेस तसं मीही बघितलं." ते जरासे हसले. "पत्रं जात राहिली, कुणाला कळलं नाही. तुझी नोटीस तेवढी अडली. तू म्हणणार, माझ्यासमोर करा."

तिला चाळीस दिवसांतला एकेक 'उद्या ये' आठवला. कागद बघितले, तारखा बघितल्या. ज्याच्याकडून सही हवी त्या हाताकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"म्हणजे आणखी नऊ पत्रांपुरता अध्यक्ष होतो मी."

बाहेर व्हरांड्यातून औषधांची गाडी खडखडत गेली.

"एक ठराव कर," मोठे काका म्हणाले. "यापुढे सह्या त्या दोघांच्या. कायमच्या. काढ कागद, आत्ता करतो सही. कशीही येऊ दे."

"आज नाही."

"का?"

"आज तुम्ही भुलीच्या औषधाच्या अमलाखाली आहात. उद्या कुणी विचारलं तर ती सही टिकणार नाही. सोमवारी. डॉक्टरांना विचारून, माझ्यासमोर."

"इथेही तारीख," ते म्हणाले. "बरं. सोमवारपर्यंत सराव करतो. पेन दे."

तिने पाकिटातले नऊही कागद बाहेर काढले, प्रत्येकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारल्या आणि मधे 'रद्द' लिहिलं. मग त्यातला एक, कागदाखाली फाइल धरून, त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पेन घट्ट धरलं. जुन्या सहीच्या वरच्या जागेत नवी सही उमटायला बराच वेळ लागला. रेघ वाकडीतिकडी गेली, मधेच दोनदा तुटली, आणि शेवटचा फाटा वर जाता जाता खाली उतरला.

मोठ्या काकांनी कागद लांब धरून दोन्ही सह्या पाहिल्या.

"एकाच माणसाच्या वाटतात का गं?"

तिने नीट पाहिलं. घाई केली नाही.

"नात्यातल्या वाटतात," ती म्हणाली.

"चालेल," मोठे काका म्हणाले, आणि दुसऱ्या कागदासाठी हात पुढे केला.